हिराची थांबायची जागा

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर मोड आलेले वाल सोलले. मधे परात, इकडे मी, तिकडे माझी बायको हिरा. माझ्या चिमटीतला दाणा उडून तिच्या कपाळाला लागला. "नेम बरा हाय अजून," म्हणाली, आणि भाचीच्या लग्नातलं काहीतरी सांगू लागली. मी "व्हय, व्हय" करत होतो. पेणच्या खाडीकडं आमच्यात बोलणाऱ्याला हुंकार द्यावाच लागतो. नाय दिला तर हिरा बोलणं तोडायची. "भिंतीशी बोलू का?" दुसऱ्या दिवशी दुपारी जरा पडते म्हणाली... ती उठलीच नाय.

महिना होत आला. परवा रोह्याच्या कॉलेजातल्या सरांचा फोन आला, "काका, वर्गात या, काकूंचा आवाज ऐकवतोय." बोलून माणसाचं मन कसं वळवतात, त्याचं शास्त्र ते शिकवतात. त्यासाठी इकडच्या म्हाताऱ्यांचं बोलणं भरून ठेवतात. हिराचं आमच्याच पडवीत भरलं. तेव्हा मला म्हणाले होते, "काका, तुम्ही मधे हूं करू नका, आवाज येतो." मी ओठ दाबून शेजारी बसलो. इतका गप्प मी माझ्या लग्नातही नव्हतो.

वर्गात हिरा बोलायला लागली. "भर दुपारी भरतीनं बांध फुटला. बायका भाकऱ्या टाकत होत्या. मी वरडले, चुली विझवा गो, चिखल उचला..." थांबली. मग म्हणाली, "नायतर पाणीच विझवंल."

सरांनी तिथं बंद केलं. "काकू इथं का थांबल्या?" एक पोरगी म्हणाली, "आपल्याला पुढचं ऐकायची ओढ लागावी म्हणून." सर खूश. मी उठून उभा राहिलो. "कसली ओढ? माझ्या हुंकाराला थांबली ती. ती माझी जागा हाय!"

कुणी हसलं नाय. ती पोरगी हळूच म्हणाली, "पण आजोबा, आत्ता तिथं मीपण हूं म्हटलं."

मला राग आला की बरं वाटलं, अजून कळत नाय. परतीच्या गाडीत निडी स्टेशन गेलं तरी डोक्यात तेच. जन्मभर मला वाटलं, ती थांबते ती माझ्यासाठी. का ती सगळ्यांसाठीच तशी थांबायची? सर म्हणतात, दोन्ही खरं असेल. असं कसं दोन्ही खरं? जिला विचारायचं तीच गेली.

सरांनी ते बोलणं माझ्या फोनात घालून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेकडून वालाची परात मागून घेतली. फोन समोर ठेवला, हिरा बसायची तिथं. पहिल्यांदा मुद्दाम गप्प राहिलो. म्हटलं, बघू तोडते का. नाय तोडलं, पुढं बोलली. मग परत लावलं. ती जागा आली. मी म्हटलं, "व्हय."

आतून सून म्हणाली, "बाबा, कुणाशी बोलताव?"

"गप गो," मी म्हटलं, "ती बोलते हाय."