मार्था वाचायला शिकली त्या वर्षी

मार्था काही वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकलं की माणसं तिला नावं ठेवतात. विसरवाडीच्या मागच्या डोंगरात एका पाड्यावर तिचं घर. नवरा रायसिंग, थोडं भाताचं रान, एक म्हैस. बाई कामाला वाघीण, आणि बोललेला शब्द खाली पडू न देणारी. त्यातच सगळा घोळ झाला.

पाड्यावरची पाच घरं ख्रिस्ती होती. त्यांचं नवं वर्ष एक जानेवारीला. त्या दिवशी उपासना आटोपली की पाळकसाहेब एकेकाला उभं करत आणि वर्षाचा नेम बोलायला लावत. कुणी म्हणे दारू सोडीन, कुणी म्हणे भावाशी बोलेन. बोलायला काय जातं? पण पाळकांच्या सगळं लक्षात राही. पुढच्या एक जानेवारीला ते चारचौघांत विचारत, "काय, झालं का?" तेव्हा भलेभले खाली बघत.

एकोणीसशे तेहतीस साली मार्था उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या नव्या वर्षाचं स्तोत्र मी वाचीन." बाया पदराआड हसल्या. पाड्यावरच्या एकाही बाईला अक्षर येत नव्हतं. पुस्तकातली मराठी कुणी घरात बोलतही नसे, घरची बोली मावची. पाळकांनी कौतुकानं तिला पाटी आणि अंकलिपी दिली.

निम्मी अक्षरं झाली आणि पाऊस लागला. मग लावणी, मग निंदणी, मग सासूचं आजारपण. पाटी गेली चुलीमागं. डिसेंबर उजाडला तेव्हा जोडाक्षर बघून मार्थाला घाम फुटायचा. पण कानाची मोठी पक्की! ते स्तोत्र दर रविवारी कानावर पडून तिला केव्हाच तोंडपाठ झालं होतं. एक जानेवारीला तिनं पुस्तक उघडलं, ओळींवरून बोट फिरवलं आणि सगळं खणखणीत म्हणून टाकलं. कुठं म्हणून अडखळली नाही. अहो, नवशिकं माणूस अडखळल्याशिवाय राहतं का? पण पाळकांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि रायसिंग तर बाजारात भेटेल त्याला सांगत सुटला, "आमची बाई शास्त्र वाचते!"

तीन आठवड्यांनी रेवाबाई दारात आली. ही मार्थाच्या माहेरच्या गावची, म्हणून मार्था तिला फुई म्हणायची, म्हणजे आत्या. विधवा बाई, एकुलता एक मुलगा बाज्या. तो आठ महिन्यांपूर्वी सुरतेकडे बांधकामावर गेला होता. त्याचं कार्ड आलं होतं, कुणा खानदेशी सोबत्याकडून लिहवून घेतलेलं. आयुष्यातलं पहिलं कार्ड. रेवाबाईनं ते दोन्ही हातांनी पुढं केलं.

"वाच गं पोरी."

पाळक दौऱ्यावर होते. 'चार दिवस थांब, पाळक येऊ देत,' एवढंच म्हणायचं होतं. तेवढं काही मार्थाच्या तोंडून निघालं नाही. रायसिंग मिशीला पीळ देत शेजारीच बसलेला. मार्थानं कार्ड डोळ्यांपुढं धरलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाज्या बरा आहे. काम चांगलं चाललंय. होळीला येतो. काळजी करू नकोस." दुसरं काय लिहितं माणूस आईला? तिला खरंच वाटलं, असंच काहीतरी असणार. रेवाबाईनं तिच्या ओटीत तुरीच्या शेंगा ओतल्या. त्या रात्री मार्थानं त्या शेंगांना हात लावला नाही.

होळी आली. रेवाबाईनं अंगण सारवलं, नवापूरच्या स्टेशनावर दोनदा जाऊन आली. बाज्या आला नाही. ती पुन्हा कार्ड घेऊन आली.

"ह्याच होळीला म्हणालाय ना? नीट बघ."

मार्थानं पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा तेच सांगितलं, शब्दन्‌शब्द. पाठांतर पक्कं होतं ना तिचं! मला तिचा राग येतो तो इथं. पाळक एव्हाना दौऱ्यावरून परत आले होते, दोन कोसांवर होते. कार्ड घेऊन गेली असती तर फार तर हसं झालं असतं. पण ज्या माणसानं भरल्या डोळ्यांनी पाठ थोपटली, त्याच्यापुढं जाण्यापेक्षा मरण बरं, असं तिला वाटलं.

त्या दिवसापासून मात्र तिनं चुलीमागची पाटी काढली. मोहाची फुलं वेचता वेचता ती मातीत अक्षरं गिरवी. हात भाजला, भाकरी करपली, रायसिंग ओरडला, तिनं ऐकलं नाही. वैशाखात एक दिवस अंकलिपीचं शेवटचं पान तिनं उघड्या डोळ्यांनी, स्वतःच्या बळावर वाचलं. उठली आणि तडक रेवाबाईकडे गेली.

"फुई, ते कार्ड दे बघू."

मनातल्या मनात वाचणं तिला अजून जमत नव्हतं. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणून, जुळवून, मगच शब्द कळे. त्यामुळं तिला कळलं तेव्हाच रेवाबाईलाही कळलं.

"पा-या-वर... पायावर दगड पडला. का-मा-वरून काढलं. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत आहे. चा-ल-व-त नाही. आई, कुणाला तरी न्यायला पाठव."

रेवाबाई म्हणाली, "हे नवं आलं का?"

"नाही फुई. तेच आहे."

दुसऱ्या दिवशी दोघी गाडीनं सुरतेला गेल्या. धर्मशाळेच्या रखवालदाराला बाज्या आठवत होता. गावाकडची गाडी आली की सरकत सरकत दारापर्यंत यायचा, म्हणाला. पाय सडत गेला होता. होळीला जिवंत होता अजून. नंतर वीस दिवसांनी गेला.

एक जानेवारीला पाळकांनी सगळ्यांना नेम विचारले. मार्थाचा नंबर नव्हता, तरी ती उठली आणि पुस्तकाच्या मराठीत नाही, घरच्या बोलीत सगळं सांगून मोकळी झाली. रायसिंगनं मान खाली घातली. पाळकांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "मार्थाबाई, देव क्षमा करतो."

"करत असेल," मार्था म्हणाली. "पण मी फुईकडे मागितली होती, तिथंच, सुरतेच्या स्टेशनावर."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, तेव्हाच कळलं असतं, तर गाडीला पैसे नसते तरी रूळ धरून चालत आले असते मी."