दोन दिवसांत उडणारा रंग

उत्तमरावांचं आणि माझं कधी जमलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे त्यांच्याविषयी चार बरे शब्द बोलले तर शेजारधर्म म्हणून बोलले असं कोणी समजायला नको. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. उंद्रीत मी एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली, निम्म्या गावाची नाकं पुसली, पण या एका माणसाला पाण्याचा पेला स्वतःच्या हातानं घ्यायला काही शिकवू शकले नाही. ताटावर बसले की डावा हात नुसता वर करायचे आणि अन्नपूर्णाबाईंनी तांब्या आणून द्यायचा. चव्वेचाळीस वर्षं असाच संसार चालला. माझे यजमान अकरा वर्षांपूर्वी गेले, मुलं संभाजीनगरला असतात. माझ्या घरात आवाज यायचा तो भिंतीपलीकडून, अन्नपूर्णाबाईंचा. त्या दिवसभर बोलायच्या आणि उत्तमराव मधून मधून "हं" म्हणायचे.

मागच्या वर्षी संक्रांतीनंतर त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजव्या हाताची घट्ट मूठ झालेली होती. चिखलीहून व्यायामाचे डॉक्टर आले. त्यांनी बोटं एकेक करून उघडून दाखवली आणि सांगितलं, दिवसातून दोन-तीनदा हात असा सरळ करून पाव पाव तास ठेवा, नाहीतर मूठ कायमची राहील. उत्तमरावांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ते बोटं उघडायला गेले तर अन्नपूर्णाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हात ओढून घेतला. तिसऱ्या दिवशीही तेच. माझ्याजवळ त्या हात द्यायच्या, पण मीही गुडघ्यांनी बेजार. मी किती वेळा जाणार?

घर एकदम गप्प झालं. मी भिंतीला कान लावून बसायचे असं नाही, पण कान सवयीनं तिकडे जायचाच. उत्तमराव स्वयंपाक शिकले, म्हणजे खिचडी शिकले. पाण्याचा पेला भरायलाही शिकले. मी एकदा टोमणा मारलाच, "लवकर शिकले हो!" त्यांनी नुसता पेला माझ्यापुढे केला. पूर्वीचे उत्तमराव असते तर मला दारातून परत पाठवलं असतं.

दिवाळीत त्यांची मुलगी प्रतीक्षा पुण्याहून आली. आईला न्हाऊ घातलं, वेणी घातली आणि आपल्या पर्समधून नेलपॉलिश काढून आईच्या नखांना लावायला बसली. मला वाटलं, आता ही बाई हात ओढणार. पण मूठ हळूहळू सैल झाली. प्रतीक्षानं हात पाटावर ठेवला. रंग वाळेपर्यंत अन्नपूर्णाबाईंनी तो तसाच, उघडा, सरळ ठेवला. उत्तमराव दारात उभे राहून बघत होते.

मुलगी गेली. दोन दिवसांनी मी चहा द्यायला गेले, तर हे गृहस्थ डोळ्यांवर चष्मा चढवून बाजेजवळ पाट मांडून बसलेले. बाजारातल्या बांगडीवाल्याकडून दहा-दहा रुपयांच्या चार बाटल्या आणल्या होत्या: लाल, पिवळी, हिरवी, पांढरी. बाईंचं तोंड भिंतीकडेच, पण हात पाटावर. आणि उत्तमरावांनी काय करून ठेवलं होतं म्हणता! नखं लाल, बोटं लाल, पाट लाल.

"अहो, नख रंगवा, अख्खं बोट कायले रंगवून राह्यले?" मी म्हटलं.

"शिंगाची सवय हाय बाई," ते म्हणाले. "नख लय लहान पडते."

ते खरं होतं. पोळ्याला शिंगं रंगवावीत तर उत्तमरावांनी, असं गावात म्हणत. शिंग साळून गुळगुळीत करायचं, त्यावर रंगाचे पट्टे, पट्ट्यांमध्ये ठिपके, टोकाला बेगड. दुसऱ्यांचे बैलसुद्धा त्यांच्या दारात आणून बांधायचे लोक. तीन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि त्यांचा तो हातही बंद पडला.

आता तो पुन्हा सुरू झाला. आठवडाभरात बोटं रंगायची थांबली. ठिपक्यांसाठी त्यांनी काडेपेटीची काडी घेतली. बारीक रेघेसाठी शेळीचे चार केस खराट्याच्या काडीला दोऱ्यानं बांधले. सरळ पट्टा हवा असेल तर चिकटपट्टी लावून रंगवायचे आणि ती अलगद ओढून काढायचे. तुरीचं फूल काढलं, पिवळं आणि त्यावर लाल शिरा. ज्वारीचं कणीस काढलं. करंगळीच्या एवढ्याशा नखावर सोयाबीनची शेंग काढली आणि तिच्यात तीन दाणे दाखवले. मी अंगणवाडीत एकतीस वर्षं चित्रं चिकटवली, मला असलं कधी जमलं नाही.

पॉलिश स्वस्तातलं, शिवाय मूठ मिटली की नखं तळहाताला घासायची. तिसऱ्या दिवशी पापुद्रे निघायचे. मग पुन्हा पाट, पुन्हा बाटल्या. रंगवायला अर्धा तास, वाळायला पाव तास. तेवढा वेळ ते तिचा हात हातात धरून बसत आणि पुठ्ठ्यानं वारा घालत. बाई मात्र भिंतीकडे बघत. तोंड एकदाही वळलं नाही.

एक दिवस उत्तमराव मला म्हणाले, "बाई, तिनं तोंड काऊन फिरवलं ते मले माहीत हाय."

"मेंदूचा आजार आहे तो. डॉक्टरांनी सांगतलं ना?"

"जीभ आजारानं गेली. पन तुमच्याकडे पाहते, पोरीकडे पाहते. माह्याकडेच नाई पाहत." मग म्हणाले, "मी पोयाच्या दिवशी बोललो होतो, आठवते का?"

आठवत होतं. तीस वर्षं झाली असतील. शिंगांचा लाल रंग डब्यात उरला होता आणि अन्नपूर्णाबाईंनी हौसेनं त्यात काडी बुडवून आपली नखं रंगवली होती. आरतीचं ताट घेऊन त्या बैलांची पूजा करायला दारात आल्या. अंगण माणसांनी भरलेलं. त्या अंगानं थोराड, रंगानं सावळ्या. उत्तमरावांनी हाताकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे, यंदा म्हैसबी पोयाले सजली काय!" सगळं अंगण हसलं. त्यांनी एका हातानं ताट धरलं, दुसरा पदरात घेतला आणि तशीच पूजा केली. त्यानंतर त्यांच्या नखांना रंग मी कधी पाहिला नाही. प्रतीक्षाच्या लग्नातसुद्धा नाही.

हसणाऱ्यांत मीही होते. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

"तेवढं एक धुऊन निघालं पाह्यजे," उत्तमराव म्हणाले. "बोलली नाई तरी चालते. एकडाव माह्याकडे पाह्यलं म्हनजे झालं."

खिचडी करपली आहे तेवढं सांगून मी घरी आले.

होळीनंतर प्रतीक्षानं पार्सल पाठवलं. बापाची कारागिरी तिनं फोनवर बघितली होती, म्हणून भारीतल्या सहा बाटल्या धाडल्या. वीस दिवस हलणार नाही असा रंग. उत्तमराव हरखले. सगळी दुपार बसून त्यांनी दहाही नखं अशी सजवली की मी शेजारच्या बायकांना बोलावून दाखवली. पट्टे, ठिपके, वेल, अंगठ्यांवर तर चंदेरी टोकंसुद्धा.

"आता तीन हप्ते कटकट नाई तुले," ते बायकोला म्हणाले.

आणि खरंच, कटकट संपली. दुसऱ्या दिवशी रंग जसाच्या तसा. चौथ्या दिवशीही तसाच. उत्तमरावांना बाजेजवळ बसायला काही निमित्तच उरलं नाही. नुसतं व्यायामासाठी हात धरायला गेले तर मूठ घट्ट. मग ते सकाळी औषध देऊन ओट्यावर जाऊन बसत, रस्त्यानं जाणाऱ्यांना मोजत असावेत. आत त्या, बाहेर ते, भिंतीपलीकडे मी. त्या आठवड्यात मी टीव्ही उगाच मोठ्यानं लावून ठेवत होते.

सातव्या दिवशी उत्तमराव माझ्या दारात आले. चेहरा उतरलेला.

"खरडून काढला तिनं."

मी जाऊन पाहिलं. उजव्या हाताची नखं ओरबाडल्यासारखी झाली होती. कुठे वेलीचा तुकडा उरलेला, कुठे नुसतंच पांढरं नख. चादरीवर रंगाचे कण पडले होते. उत्तमरावांनी त्याच संध्याकाळी तोच भारी रंग पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोही गेला.

तेव्हा त्यांनी सगळ्या बाटल्या एका पिशवीत भरल्या, दहा रुपयांच्या आणि भारीतल्याही, आणि पिशवी माझ्या हातात दिली. "पोरीबारींले वाटून द्या. तिले माह्या हातचं नको हाय. तीस वर्षांचं असं कुठं निंघते?" मी त्यांच्याशी आयुष्यभर भांडले, पण त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी ते शेतात गेलेले बघून मी अन्नपूर्णाबाईंना भरवायला वरण-भात घेऊन गेले. पायात चप्पल नव्हती, त्यामुळे आवाज झाला नाही. मागच्या दारानं शिरले आणि चुलीजवळूनच दिसलं. त्यांनी उजवी मूठ पोटाशी धरली होती आणि डाव्या अंगठ्याच्या नखानं उरलासुरला रंग खरवडत होत्या. नखानं निघेना तसा हात तोंडाशी नेऊन दातांनी. कपाळाला घाम आला होता. मला राग आला. मनात म्हटलं, एवढाही डूख धरू नये बाई, तो माणूस अर्धा झाला आहे.

तेवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं. उत्तमराव खोकले.

अन्नपूर्णाबाईंनी घाईघाईनं चादरीवरचे कण झटकले. बाजेशेजारचा पाट डाव्या हातानं ओढून जवळ घेतला, उजवा हात उचलून त्यावर ठेवला आणि एकेक बोट स्वतःच उघडायला लागल्या. अंगठा. पहिलं बोट. दुसरं. डॉक्टरांनी दाखवलं होतं तसंच. तिसरं बोट सरळ होईपर्यंत पहिलं पुन्हा वळायचं, मग ते पुन्हा उघडायच्या. शेवटी पाचही बोटं पाटावर आली आणि त्या डाव्या पंजानं ती दाबून धरून पुढच्या दाराकडे बघत राहिल्या. भिंतीकडे नाही, दाराकडे.

उत्तमराव आत आले नाहीत. पावलं ओट्यापर्यंत आली, थांबली आणि गोठ्याकडे वळली. त्या वाट बघत होत्या. डावा हात थकून सुटला. मग पाटावरची बोटं आपोआप वळत वळत पुन्हा मूठ झाली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी वरण-भात तिथेच चुलीशी ठेवला आणि घरी जाऊन ती पिशवी घेतली. गोठ्यात बैल नाहीत, आता कडब्याच्या चार पेंढ्या आणि फवारणीचा पंप असतो. उत्तमराव पेंढीवर बसले होते.

"उठा," मी म्हटलं. "ती हात मांडून बसली व्हती तुमच्यासाठी."

"कायले चेष्टा करता बाई?"

"चेष्टा नाई. माह्या डोयानं पाह्यलं. रंग उडाला म्हनजे तुम्ही जवय बसता, हे त्या बाईले समजलं. हा भारीतला रंग उडतच नाई. मंग तिनं काय करावं? तोंडानं तं बोलावता येत नाई."

समजायला त्यांना वेळ लागला, पुरुषांना लागतोच. मग पिशवी घेतली, तीत हात घालून दहा रुपयांची लाल बाटली काढली आणि बाकी पिशवी पेंढीवरच ठेवून आत गेले. मी मागोमाग दारापर्यंत गेले.

ते पाटाजवळ बसले. मूठ उघडायला हात पुढे केला आणि मध्येच थांबले, कारण अन्नपूर्णाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. चौदा महिन्यांनी. कपाळाला आठी घालून, रागानं, डोळे भरलेले, पण त्यांच्याकडेच. उत्तमरावांनी बाईंचा अंगठा उघडला, पण नजर त्यांच्या चेहऱ्यावरच राहिली आणि पहिली रेघ नखाबाहेर गेली.

"पोयाले मी तसं बोलाले नोको होतं," ते म्हणाले. "लय वाईट बोललो मी."

त्या तशाच बघत राहिल्या. मग डाव्या हातानं त्यांनी आपलं दुसरं बोट धरून उघडलं आणि त्यांच्या पुढे केलं.

मी आवाज न करता तिथून निघाले. घरी येऊन जेवायला बसले. त्या दोघांचा मला हेवा वाटत होता, हे आता या वयात कबूल करायला लाज कसली? माझा हात कोणी शेवटचा कधी धरून बसलं होतं, ते आठवायला लागले. ताट पुढे घेऊन बराच वेळ बसले, पण काही आठवलं नाही.