तीन घरांचे तीन फ्यूज

बारा फेब्रुवारी. रक्कम तीन हजार नऊशे. रोह्याला मोटर वाइंडिंगच्या दुकानात हजर: मी, माझा चुलत दादा, आमच्या शेजारच्या वहिनी आणि कारागीर.

कासूजवळ आमच्या तीन घरांत एक विहीर आणि तीन हॉर्सपॉवरची एक मोटर. तिला तीन फेज, म्हणून तीन फ्यूज. मागच्या पिढीने ते घरटी एक असे वाटून टाकले. आपली तार आपण घालायची आणि ज्याचा फ्यूज जाईल त्याने मोटरची दुरुस्ती करायची. त्यामुळे माझ्यात पंधरा अँपिअरची तार, वहिनींच्यात पाचची, आणि दादाने, आपला कधी जाऊच नये म्हणून, केबलचे तांब्याचे पदर पिळून बसवलेले.

आदल्या दिवशी बटण दाबताच वहिनींचा फ्यूज गेला. मोटर दोनच फेजवर कण्हत राहिली आणि जळाली.

"तुझा गेला ना गो? मग बिल तुझं," दादा म्हणाला.

"मेथीला पाणी नाय, वर बिल पण माझं?" वहिनी मेथी पेणच्या बाजारात विकतात. त्या पैशांवरच त्यांचं घर चालतं.

मी म्हटलं, "दादा, ही मोटर चालताना पाच अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर तीस. पाचची तार वितळणारच. तिन्ही तारा सारख्या, पंधराच्या हव्यात. आणि दोन फेजवर चालली तर बंद करणारा रिले स्टार्टरमध्ये होता. त्याचं काय झालं?"

"सारखा मोटर बंद पाडायचा. मी वायर मारून त्याला बाजूला काढला."

"कधी?"

"दिवाळीत. तुला सांगितलं असतं तर हिशोब मांडत बसला असतास."

मी कपाळाला हात लावला. कारागिराने मोटर उघडली. आत प्रत्येक फेजचा तारांचा एक गट. दोन कोळसा, तिसरा लख्ख.

"बघ! माझा शाबूत हाय. ज्याचा जळाला त्याने भरायचं," दादा म्हणाला.

"नाय काका," कारागीर म्हणाला. "ज्या फेजचा फ्यूज गेला, तिच्यात करंटच नाय. ती वाचली. फ्यूज टिकले, त्या दोन जळल्या."

"म्हणजे तुझी आणि माझी," मी दादाला म्हटलं. "तुझ्याच नियमाने दे."

वहिनी हसल्या. दादाने पाकीट काढलं.

कारागिराला मी एक हजार नऊशे पन्नास दिले, दादाने तेवढेच. वहिनींनी काही नाही. पंधराच्या तारेचं रीळ मी पेणहून आणलं, दुकानदाराला साठ रुपये. त्यातले दादाचे वीस अजून यायचे आहेत.