दम्याची गोळी आणि माझ्यावरचा संशय

"हा अस्थमा आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि खणातून एक पंप काढून त्यांनी आमच्यासमोर ठेवला. अस्थमा म्हणजे दमा. श्वासनळ्या आतून सुजतात, अरुंद होतात आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. आमची श्रावणी तेव्हा दुसरीत होती. तिने नुकतीच स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची चाचणी दिली होती आणि आपला पहिला नंबर आला असं समजून ती खुशीत होती.

मी आणि माझी बायको हर्षदा, दोघंही पंपाकडे बघत बसलो. आमच्या बोळिंजच्या सोसायटीत 'तिला पंप लागला' हे वाक्य लोक आवाज खाली करून बोलतात. पंपाची सवय लागते, एकदा लागला की सुटत नाही, मुलीची जात, उद्या लग्नाच्या वेळी कोणी विचारलं तर काय सांगणार, हे सगळं आम्हाला आधीपासून पाठ होतं. डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं की पंपातलं औषध थेट फुफ्फुसात जातं, अगदी थोडं लागतं आणि सवय वगैरे काही लागत नाही. आम्ही मान हलवली आणि दुसरं काही नाही का, असं परत विचारलं. शेवटी त्यांनी रोज झोपताना चघळायची एक गोळी लिहून दिली. मॉन्टेलुकास्ट. नळ्यांची सूज कमी ठेवणारं औषध. पंप अचानक दम लागला तरच वापरायचा होता. तो आम्ही कपाटात चादरींच्या मागे ठेवून दिला.

गोळी गुलाबी आणि गोड होती. श्रावणी आठवणीने मागून घ्यायची.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी वीजचोरी पकडणाऱ्या भरारी पथकात काम करतो. कोणी "या साहेब, आधी चहा घ्या" म्हणालं की मी त्याच्या मीटरचं सील नीट बघतो. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. दूधवाला हसला तरी मला दुधात पाणी दिसतं. हर्षदा म्हणते, लग्नातही मी अंतरपाटाखालून वाकून बघत होतो, मुलगी तीच आहे ना म्हणून.

गोळी सुरू झाल्यावर खोकला गेला. फेरतपासणीला डॉक्टरबाईंनी छाती ऐकली, एकदम स्वच्छ आहे म्हणाल्या आणि गोळी चालू ठेवायला सांगितली. श्रावणी तेव्हा रात्री दचकून उठायला लागली होती. ते आम्ही सांगितलं नाही. दम्याच्या डॉक्टरांना कोणी पोरीची स्वप्नं सांगतं का?

पुढे ते वाढत गेलं. झोपेतून किंचाळत उठायची आणि डोळे उघडे असून आम्हाला ओळखायची नाही. पडद्यामागे कोणी उभं आहे म्हणायची. दिवसा चिडचिड. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला तिने कंपासपेटी फेकून मारली. चित्रं काढणं बंद झालं. एकदा जेवताना वरणभात कालवता कालवता म्हणाली, "मी मेले तर तुम्हाला बरं वाटेल ना?" हर्षदाच्या हातातला डाव तसाच राहिला. सात वर्षांच्या पोरीच्या तोंडात हे वाक्य कोणी घातलं, हा एकच प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसला.

कोणीतरी घातलंय याबद्दल मला शंका नव्हती. मी माझ्या पद्धतीने तपास सुरू केला. आधी शाळेच्या व्हॅनवाल्याच्या मागे स्कूटर लावली. तो गाडी हळू चालवायचा, मुलांना भजनं लावून द्यायचा आणि एकदा मला आरशात बघून त्याने गाडी थांबवून, काही प्रॉब्लेम आहे का साहेब, असं विचारलं. मग घरातले मोबाईल तपासले. मग वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेलं कुटुंब. त्यांच्या घरातून रात्री खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, पोरगी त्यालाच घाबरत असेल, म्हणून मी वर जाऊन भांडून आलो. ते लोक त्या आठवड्यात गावाला गेलेले होते, हे नंतर वॉचमनने सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीत श्रावणीला अर्नाळ्याला मावशीकडे ठेवलं. हेमाताई, हर्षदाची थोरली बहीण, मासळी विकते. दारापुढे वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, बोंबील वाळत असतात. दम्याच्या पोरीला असल्या वासात पाठवायला माझी तयारी नव्हती. मी गोळीची पाकिटं बॅगेत घातली, रोज रात्री द्यायची म्हणून हेमाताईंना दोनदा बजावलं आणि रोज फोन करून विचारत राहिलो. देते, देते, असं त्या म्हणायच्या.

सुट्टी संपल्यावर आणायला गेलो तर श्रावणी उन्हाने काळवंडलेली, हसरी, पूर्वीसारखी बडबडी. रात्री गाढ झोपते म्हणे. घरी आल्यावर काही दिवसांत पुन्हा तेच. किंचाळणं, पडदा, मी वाईट आहे, मला नका ठेवू.

आता माझ्या लेखी सगळा उलगडा झाला होता. पोरगी मावशीकडे सुखी आणि आमच्याकडे दुःखी, म्हणजे मावशी तिचे कान भरते. हेमाताईंना मूल नाही. श्रावणीवर त्यांचा पहिल्यापासून डोळा आहे, असं मी हर्षदाला सरळ बोलून दाखवलं. त्या दिवसापासून हर्षदा श्रावणीला घेऊन आतल्या खोलीत झोपायला लागली. आतून कडी लावायची. मी विचारलं तर म्हणाली, वारा येतो, दार आपटतं.

मग शाळेतून बोलावणं आलं. तिथल्या समुपदेशक बाईंनी, म्हणजे मुलांशी त्यांच्या मनातलं बोलणाऱ्या बाईंनी, श्रावणीला एकटीला बसवून विचारलं होतं. तिने सांगितलं होतं, मला बाबांची भीती वाटते, ते माझ्याकडे बघत राहतात.

ते खरं होतं. मी बघत राहायचोच. कोणाचं नाव घेते का, कोणाच्या आवाजाला दचकते का, हे शोधायला मी तिच्यावर नजर ठेवून होतो. बाईंनी मला फार सभ्यपणे विचारलं की घरी मारता का, ओरडता का, दारू घेता का, तिला कधी एकटीला कुठे नेता का. प्रत्येक उत्तरानंतर त्या किंचित थांबायच्या. ते थांबणं मला चांगलं ओळखीचं होतं, मी लोकांच्या दारात तस्साच थांबतो. माझी उत्तरं खरी होती, तरी मलाच ती खोटी वाटायला लागली. बाहेर आल्यावर मी हर्षदाकडे बघितलं. तिने श्रावणीचा हात धरला होता आणि ती माझ्या दोन पावलं मागून चालत होती. आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत श्रावणी पुन्हा अर्नाळ्याला गेली. या वेळी हर्षदानेच पाठवली, मला न विचारता. गोळ्या मात्र मी आठवणीने बॅगेत घातल्या आणि फोनवर विचारत राहिलो. आणि पुन्हा तेच, पोरगी तिथे आनंदात. सुट्टी संपायच्या आत मी तावातावाने तिथे गेलो. हेमाताई बोंबील काढत होत्या. तुम्ही माझ्या मुलीला काय शिकवता, असं मी विचारणार होतो. त्याआधी माझी नजर दारातून आतल्या फळीवर गेली. मी पाठवलेली गोळ्यांची पाकिटं तिथे जशीच्या तशी होती, एकही गोळी फोडलेली नव्हती.

"रोज देते म्हणालात ना?"

त्या जरा ओशाळल्या. "भावजी, पोर खोकतच नव्हती, मंग गोली कशाला देऊ? खोकल्याचीच ना ती? तुमी रागावाल म्हनून फोनवर हो बोलले."

माझ्या हाताला पुरावा लागला होता. पोरीच्या जिवाशी खेळ! मी श्रावणीला स्कूटरवर पुढे बसवलं आणि थेट डॉक्टरबाईंकडे गेलो. हर्षदालाही तिथेच बोलावलं. हेमाताईंचा निष्काळजीपणा डॉक्टरांच्या तोंडून शाबीत करायचा, म्हणजे निदान या घरात मी गुन्हेगार नाही हे तरी ठरेल, असा माझा हिशेब होता.

डॉक्टरबाईंनी छाती तपासली. बारीक शिट्टी होती, फार नाही. मग मी माझी तक्रार मांडली. मावशी गोळी देत नाही, उलट कान भरते, तिथे पोरगी शांत झोपते आणि आमच्याकडे आली की आठवड्याभरात किंचाळायला लागते. त्या लिहायच्या थांबल्या.

"तिथे गोळी नाही आणि तिथे शांत झोप. दिवाळीतही दिली नव्हती का?"

मी तिथूनच हेमाताईंना फोन लावला. दिवाळीतही दिली नव्हती.

डॉक्टरबाईंनी श्रावणीला बाहेर दवाखान्यातल्या मदतनीस बाईंजवळ बसवलं आणि आम्हाला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. स्वप्नं, पडदा, कंपासपेटी, जेवतानाचं ते वाक्य. मग त्या म्हणाल्या की मॉन्टेलुकास्टने काही मुलांमध्ये न्यूरोसायकियाट्रिक परिणाम होतात, म्हणजे झोप, मूड आणि वागणं यांवर. वाईट स्वप्नं, चिडचिड, भीती, उदासी, कधी जिवाचं बरंवाईट करून घ्यायचे विचारसुद्धा. बहुतेक मुलांना यातलं काही होत नाही, पण होतं तेव्हा ते ओळखावं लागतं. परदेशात याच औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापतात.

"मी झोपेबद्दल विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही सांगायला हवं होतं. मला गोळीचा संशय आहे. खात्री गोळी बंद केल्यावर होईल."

गोळी त्या दिवशी बंद झाली. बदल्यात रोजचा पंप आला. तो प्रिव्हेंटर, म्हणजे त्रास होऊच नये म्हणून घ्यायचा. चादरींमागचा पंप रिलीव्हर, त्रास झाल्यावर लगेच आराम देणारा. दोन्ही स्पेसरमधून घ्यायचे, म्हणजे पंपाला जोडलेल्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून, त्यामुळे मुलाला श्वासाची वेळ साधायची कसरत करावी लागत नाही. हेमाताईंसाठीही एक निरोप मिळाला. आपल्या मनाने औषध बंद करणं धोक्याचं असतं, या वेळी निभावलं म्हणून शहाणपणा समजू नका. तो निरोप मी शब्दन् शब्द पोचवला, थोडा मीठमसाला लावून.

यानंतरचे दिवस मला सगळ्यांत जड गेले. सुधारणा काही दिवसांत दिसेल, कधी जास्तही लागतात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. पण आता श्रावणी अर्नाळ्याला नव्हती, आमच्या घरात होती. गोळीशिवाय, माझ्यासोबत. ती सुधारली तर दोष गोळीचा. नाही सुधारली तर उरलो मी. हे कोणी बोललं नाही, पण हर्षदा आणि मी जेवायला बसलो की ते ताटांच्या मध्ये असायचं. आतल्या खोलीची कडी रोज लागत होती. मी श्रावणीकडे बघणं सोडलं. बघितलं तर भीती, नाही बघितलं तर काळजी, म्हणून मी बाल्कनीत पाठमोरा बसून पेपर वाचायचो. डॉक्टरबाईंवरही संशय येऊन गेला, आमची समजूत काढायला तर त्यांनी गोळीचं नाव पुढे केलं नसेल? मीच काही केलंय आणि मला आठवत नाही, असंही एकदा वाटलं. आपल्यावरचा संशय इतका पसरतो, हे मला माहीत नव्हतं.

मध्ये एकदा थंडीत तिला दम लागला. स्पेसर लावून पंप दिला, थोड्या वेळात श्वास मोकळा झाला. शेजारच्या वहिनी दारातच होत्या. त्यांनी पंप बघितला, हर्षदानेही त्यांना तो नीट बघू दिला.

झोप हळूहळू सुधारली. आधी किंचाळणं थांबलं, मग पडद्याचं बोलणं. तरी माझ्यापासून ती लांबच असायची. मग एका रविवारी खाली खेळताना तिच्या पायात काच गेली. लंगडत वर आली. हर्षदा दारातच होती, तिने हात पुढे केला. श्रावणी तिच्या बाजूने निघून सरळ माझ्याकडे आली, मांडीवर पाय ठेवला आणि म्हणाली, "बाबा, काढा. पण बघून काढा, उगाच टोचू नका."

मी बघून काढली. जरा वेळ लागला. त्याबद्दल ती मला ओरडलीही. त्या रात्री आतल्या खोलीचं दार उघडं होतं.

हे लिहितोय ते तुमच्यासाठी. तुमचं मूल ही गोळी घेत असेल तर घाबरून उद्याच बंद करू नका. पुष्कळ मुलांना तिचा उपयोग होतो. पण झोप बदलली, स्वभाव बदलला, नको ते बोलायला लागलं, तर ज्यांनी औषध दिलं त्यांनाच जाऊन सांगा, विचारलं नाही तरी सांगा. आणि पंपाला घाबरू नका. श्रावणी आता तो दात घासायच्या आधी घेते आणि मैत्रिणींना दाखवतेही.

डॉक्टरबाईंचे आभार, आपली चूक तोंडावर कबूल करून पुढचं नीट केल्याबद्दल. हेमाताईंचे आभार मानायला जीभ अजून रेटत नाही, पण सुट्टीत श्रावणी तिथेच जाते, पंप घेऊन.

थोड्या दिवसांपूर्वी हर्षदाने कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं, की शाळेतल्या बाईंना तिनेच भेटून विनंती केली होती. श्रावणीला एकटीला विचारा, आणि तिच्या बाबांबद्दल विचारा.

मला वाईट वाटलं. खूपच. दहा वर्षांचा संसार, आणि ही बाई माझ्याबद्दल असं धरून चालली. ती घड्या घालत राहिली, डोळे पुसत राहिली आणि माफी मात्र मागितली नाही.

मी आयुष्यभर परक्यांवर संशय घेतला. व्हॅनवाला, वरचे शेजारी, मावशी. ते सोपं असतं, त्यात आपलं काही जात नाही. हर्षदाने पोरीसाठी स्वतःच्या नवऱ्यावर संशय घेतला, आणि तो खरा ठरला असता तर तिचं घर मोडणार होतं, हे तिला माहीत होतं.

"परत कधी असं वाटलं तर परत विचार," मी तिला म्हटलं. "माझ्याबद्दल असलं तरी."

"विचारणारच," ती म्हणाली.