बंद पडणाऱ्या गाडीचा मालक

फोन दादाच्या नंबरवरून आला होता, म्हणून उचलल्या उचलल्या मी विचारलं, "कुठं बंद पडली?" आमच्या घरात कित्येक वर्षं फोन असाच उचलला जायचा. दादा आपल्या बसवर गेला आणि मधेच त्याचा फोन आला की हॅलो वगैरे काही नाही, आधी गावाचं नाव विचारायचं. मोहोळच्या अलीकडे असेल तर सोलापुरातून मेकॅनिक पाठवायचा, टेंभुर्णीला असेल तर तिथल्या ओळखीच्या जीपवाल्याला गाठायचं, आणि इंदापूरच्याही पुढे असेल तर देवाचं नाव घ्यायचं. गाडी बंद होऊन, धंदा मिटून जमाना झाला तरी ही सवय गेलेली नव्हती. पण त्या दिवशी पलीकडून भलताच आवाज आला. "बंद न्हाई पडली मॅडम, गाडी पोचली की. टायमावर पोचली. तुमी यांच्या कोण?" मी म्हटलं, बहीण. तो म्हणाला, "समदी उतरली, हे उतरंनात म्हणून उठवाय गेलो तर..." गॅसवर दूध ठेवलं होतं, ते मी आधी उतरवलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. त्यातले बरेच दिवस मी रडले नाही. लोक माझ्या तोंडाकडे बघायचे, मग वहिनीच्या तोंडाकडे बघायचे, आणि त्यातल्या त्यात वहिनीशी बोलणं सोपं पडत असावं, म्हणून तिच्याजवळ जाऊन बसायचे. मी चहा करायची. आत काहीतरी बधिर होऊन बसलं होतं, दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसं. हात लावला तर कळतं की आपलंच आहे, पण लागत काही नाही.

सुभाषदादा माझ्याहून बराच मोठा. मी पालिकेच्या शाळेत शिकवायची आणि शाळा सुटली की त्याच्या बुकिंग ऑफिसात जाऊन बसायची. सोलापूर-पुणे अशी त्याची एक गाडी होती. पहिली गाडी साधी, पुढे इंजिन असलेली, पत्र्याचा नुसता खडखडाट, पण कधी अडली नाही. मग एक दिवस एका कंपनीची माणसं नवी लक्झरी घेऊन शहरात आली आणि मैदानावर ती उभी केली. इंजिन मागे, काचा अशा की बाहेरचा रस्ता सिनेमासारखा दिसावा, मागे रेलणाऱ्या खुर्च्या, गार हवा, आणि बटण दाबलं की हवेच्या दाबावर उघडणारा दरवाजा. दादा तिच्यात जाऊन बसला तो उठेचना; जुनी देऊन तीच घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, ती कंपनी आता नाही, आणि मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात. बसच्या कंपनीला तो नियम लागू आहे की नाही कोण जाणे.

गाडीची पूजा झाली त्याच दिवशी तिनं आपला स्वभाव दाखवला होता. गुरुजी आत गेले, स्टेअरिंगला कुंकू लावलं, आणि दरवाजा जो मिटला तो उघडेना. आम्ही सगळे बाहेर हातात पेढे घेऊन उभे, आत गुरुजी काचेवर टकटक करताहेत. शेवटी ड्रायव्हर महिबूबभाईंनी त्यांना आपल्या बाजूच्या खिडकीतून उतरवून घेतलं, सोवळ्यासकट. आम्ही हसून हसून बेजार झालो. गुरुजी तेवढे हसले नाहीत.

पुढे तिचं एकेक बाहेर येऊ लागलं. सोलापूरच्या उन्हात इंजिन तापायचं, कारण मागच्या बाजूनं खालची सगळी धूळ ती स्वतःच ओढून घ्यायची. गिअरची दांडी पुढे आणि गिअर पार मागे, त्यामुळे मधला जोड निसटला की महिबूबभाईंच्या हातात नुसती दांडी राहायची. चाकांवरचे हवेचे फुगे फुटले की गाडी एका कुशीवर कलायची आणि तशीच, कंबर लचकलेल्या बाईसारखी, कडेला उभी राहायची. सोलापुरात आणखी काही मालकांनी हेच मॉडेल घेतलं होतं, सगळ्यांचं रडगाणं एकच. मोहोळपर्यंत जाऊन परत यायची म्हणून स्टँडवरच्या ड्रायव्हर लोकांनी त्या मॉडेलचं नाव 'माहेरवाशीण' पाडलं. जे बिघडतं त्याला बाईचं नाव द्यायची पुरुषांना फार हौस. कंपनीचा माणूस यायचा, इस्त्रीच्या शर्टात. एकदा म्हणाला धूळ जास्त आहे, एकदा म्हणाला ड्रायव्हर नीट चालवत नाही, एकदा टपावरच्या चादरींच्या गठ्ठ्यांवर खापर फोडलं. शेवटी म्हणाला, तुमच्याकडचं ऊनच फार आहे. दादा शांतपणे म्हणाला, "मग सोलापुरात विकली कशाला वो? काश्मिरात विकायची की."

दादा स्वतः प्रत्येक फेरीला गाडीवर जायचा. मालक असून क्लीनरच्या जागेवर बसायचा, अवघडून, मागच्या इंजिनाकडे कान लावून. त्या गाडीत तो कधी डुलकीसुद्धा घेत नसे. डिकीत प्रवाशांच्या सामानाआधी आमचं सामान चढायचं. पत्र्याच्या डब्यात वहिनीच्या कडक भाकऱ्या, त्या कितीही दिवस राहतात, शेंगाची चटणी, पाण्याचे कॅन आणि खाली अंथरायला चादरी. गाडी बंद पडली की दादा आधी झाड बघायचा. चादरी अंथरून लोकांना बसवायचा, भाकरी वाटायचा, आणि मग प्रत्येकापुढे उकिडवं बसून विचारायचा, "पुण्यात काय काम काढलंय?" त्यावरून नंबर लागायचे. दवाखाना पहिला. मग परीक्षा. मग कोर्टाची तारीख, मग लग्नकार्य. सहज भेटायला निघालेली माणसं सगळ्यात शेवटी. रस्त्यावरून येणारी एसटी, जीप, ट्रक, जे थांबेल त्यात तो त्या क्रमानं लोकांना बसवून द्यायचा. आधी तिकीट कुणी काढलं, पुढची सीट कुणाची, ते तिथं चालायचं नाही. एकदा एका बड्या माणसानं आवाज चढवला, "मला ओळखत नाही का?" दादा म्हणाला, "वळखतो की. पण ह्या मावशीचं पोरगं ऑपरेशनला घेतलंय. तुमी भाकरी खावा." आणि त्या माणसानं खाल्ली. शेवटचा प्रवासी मार्गी लागल्याशिवाय दादा जागचा हलत नसे. "आपण नेतो म्हटलंय," एवढंच त्याचं म्हणणं.

लोकांनी दुसऱ्या गाड्या धरल्या, यात त्यांचा काय दोष. पण काही जण पुन्हा आमच्याकडेच यायचे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या एक पद्मशाली आजी होत्या, लेकीकडे जायच्या, तेलुगूमिश्रित मराठीत मला विचारायच्या, "आज बंद पडते का गं? चटणी हाय ना?" न पडता गाडी पोचली तर त्यांचा हिरमोडच व्हायचा.

बाकीच्या मालकांनी आपापल्या माहेरवाशिणी विकून टाकल्या, कुणी मराठवाड्यात, कुणी कर्नाटकात, जिथं तिची कीर्ती पोचली नव्हती तिथं. कंपनीनं मॉडेल बंद केलं, मग सर्व्हिस सेंटर बंद केलं, मग स्वतःच बंद पडली. सुटे भाग मिळेनासे झाले. माळशिरसकडचा एक दलाल मात्र दादाच्या मागे लागला होता. ऑफिसात माझ्यासमोरच बसून म्हणाला, "मालक, द्या की ती गाडी. रंग मारून घेतो. श्रीपूरच्या बाजूला शाळेची पोरं न्यायला लई बेस हाय."

"कुणाला न्यायला?" दादानं विचारलं.

"शाळेची पोरं."

"मग तर न्हाईच."

"आवं, तुमाला काय करायचंय? एकदा विकली की तुमचा काय संबंध?"

"दार मिटलं की उघडत न्हाई तिचं," दादा म्हणाला. "मी महिबूबला खिडकीतनं माणसं उतरवताना बघितलंय. पोरं कोण उतरवणार?"

दलाल दुसऱ्या दिवशी आला, नंतरही आला. वहिनी म्हणाली, मीही म्हणाले, की देऊन टाक, सगळ्यांनी दिल्या. आम्हाला धंदा मोडताना दिसत होता आणि घरात माझ्या पगाराशिवाय दुसरं काही उरणार नव्हतं. दादा ऐकून घ्यायचा. मग एका सकाळी त्यानं गाडी अक्कलकोट रोडच्या भंगारवाल्याकडे नेली, आणि तिथपर्यंत ती एकदाही न अडता गेली. चालती गाडी कापायला भंगारवाला तयार होईना. "चालू गाडी हाय मालक, पाप लागंल." दादा म्हणाला, "काप. सांगाडासुद्धा अख्खा ठेवू नको." गॅसकटर लागला तेव्हा महिबूबभाई बाहेर जाऊन उभे राहिले. दादा मात्र समोर उभा राहिला, इंजिनाचे तुकडे होईपर्यंत. घरी आला, आंघोळ केली, आणि जेवताना वहिनीला म्हणाला, "आता कुणी अडकणार न्हाई."

त्यानंतर तो दुसऱ्यांच्या ऑफिसात बुकिंगला बसला, मुलीकडे पुण्याला जायचा तोही दुसऱ्यांच्याच गाड्यांतून. नव्या गाड्या आल्या, चकचकीत, मधे कुठंही न थांबणाऱ्या. मला वाटायचं त्याला वाईट वाटत असेल. एकदा विचारलं, तर हसला. "बेबे, लई झोप लागती बघ आता. गाडी कुणाची, काळजी कुणाची. बसलो की डोळा लागतो, थेट पुण्यात उघडतो." त्या दिवशीही तसाच बसला होता. खिडकीजवळची एकटी सीट, तोंडावर टोपी. फोन केला तो कंडक्टर भला पोरगा, आमच्या दारात येऊन रडला. म्हणाला, "मला वाटलं आण्णा झोपलेत. कशाला उठवायचं म्हणून..." डॉक्टरांनी सांगितलं की इंदापूरच्या आसपासच गेले असतील. म्हणजे तिथून पुण्यापर्यंत तो गाडीत होता, सगळ्यांच्या मधे, आणि गाडी कुठं थांबली नाही.

भेटायला जे आले ते आधी गाव सांगत होते, नाव नंतर. "मी भिगवणचा," एक म्हणाले. एक बाई म्हणाल्या, "आम्ही मोहोळच्या पुलाजवळचे." मला आधी कळेचना, मग लक्षात आलं की ही राहण्याची गावं नाहीत, अडकलेली ठिकाणं आहेत. भिगवणच्यांची त्या दिवशी परीक्षा होती, दादानं त्यांना दुधाच्या टँकरमध्ये बसवून दिलं होतं. पुलाजवळच्या बाईंचे वडील ससूनमध्ये शेवटच्या घटका मोजत होते, आणि त्या पोचल्या. महिबूबभाई तिसऱ्या दिवशी आले. कोपऱ्यात बसले, पाणीही घेतलं नाही. उठताना एवढंच म्हणाले, "अपनी गाडी रहती तो कहीं ना कहीं रुकती थी, आपा. मैं पीछे देखता था." डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, थांबली असती तरी काही उपयोग झाला असता असं नाही. मला ते पटलं आहे. पटूनही महिबूबभाईंचं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मागच्या आठवड्यात भाचीनं बोलावलं म्हणून मी पुण्याला निघाले. वहिनी म्हणाली, रेल्वेनं जा. पण मी दादा गेला त्याच गाडीचं तिकीट काढलं, का ते मला सांगता येणार नाही. गाडी वेळेवर सुटली. गार हवा, काचांवर पडदे, कसला आवाज नाही. माझ्या शेजारच्या सीटवर एक मध्यमवयीन गृहस्थ होते, हातात लग्नाच्या आहेराची पिशवी. टेंभुर्णी गेली तोवर त्यांना झोप लागली. मान एका बाजूला पडली होती. मी बाहेर बघायचा प्रयत्न केला. उसाचे ट्रॅक्टर गेले, टोलनाका गेला, इंदापूरची पाटी गेली... त्यांची छाती हलते आहे की नाही ते मला दिसेना. मी वाकून बघितलं. मग माझ्याच्यानं राहवेना, मी त्यांचा दंड धरून जोरात हलवला. "अहो! अहो, उठा!"

ते दचकून उठले. "काय झालं? पुणं आलं?"

"नाही."

"गाडी बंद पडली काय?"

मी नाही म्हणून मान हलवली. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मी त्यांचा दंड सोडत नव्हते. एरवी कुणीही चिडलं असतं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "घ्या मावशी. काय व्हतंय का तुमाला?" मला तेव्हा रडायला आलं. सगळ्या गाडीत ऐकू जाईल असं रडायला आलं, आणि ते गृहस्थ, ज्यांचं नावसुद्धा मी विचारलं नाही, ड्रायव्हरला हाका मारू लागले, "ओ, गाडी थांबवा! गाडी थांबवा, हितं बाईंना बरं न्हाई!" ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली आणि ती थांबली.