काठाजवळचं हिरवं कडं

ओलं खोबरं खवताना मला जळगावच्या कॉलेजची लॅब आठवते, कारण रावेरच्या केळीच्या मातीतून मी वाढवलेल्या बुरशीला अगदी तसाच वास यायचा. उजेड दिसला की ही बुरशी डीएनए दुरुस्त करणारी जनुकं जागी करते, हे मला दाखवायचं होतं, म्हणून काही प्लेट्स काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्या होत्या. दिवाळीला धुळ्याला घरी जाताना किल्ली मैत्रिणीकडे दिली. परत येऊन सरांसमोर कागद सोडला, तर पांढऱ्या बुरशीत हिरवं कडं उमटलेलं. उजेड लागला, की ती तेव्हा जिथवर पोचलेली असते तिथेच हिरवी होते. “उघडलं कोणी?” सरांनी विचारलं. “सर, हिला दम कुठे निघतो! जाण्याआधी हिनेच डोकावून पाहिलं असेल,” मैत्रीण हसत म्हणाली. मी निघाले तेव्हा बुरशी मधोमध ठिपक्याएवढी होती आणि कडं तर प्लेटच्या काठाजवळ होतं. हे तिलाही माझ्याइतकंच कळत होतं. मी तिच्याकडे पाहत राहिले, ती चष्मा पुसत राहिली. “प्रोजेक्टचा विषयच बदल,” सर मला म्हणाले. अजूनही आनंदाची बातमी असली की ती आधी मला फोन करते. मी उचलते, ऐकते, अभिनंदन करते. माझं मात्र काहीच सांगत नाही.