दिव्याची धग

बहरीनमधल्या मनाम्यातल्या आमच्या हॉटेलात दर हिवाळ्यात लंडनची नाटक कंपनी यायची. लोक जेवता जेवता नाटक बघायचे, दिवे मी सांभाळायचो. त्या कंपनीत एक नटी होती. पहिल्या वर्षी पोस्टरवर तिचाच चेहरा होता, खाली ‘टीव्हीवर गाजलेली’. पुढे ती नायिकेची आई झाली, मग चहाचा ट्रे आणणारी मोलकरीण.

तालमीआधी ती डोळे मिटून स्टेजवर उभी राहायची. गालाला दिव्याची धग लागेपर्यंत तसूतसूने सरकायची, मग इथल्या अरबीत ‘चला’ म्हणतात तसं म्हणायची, “यल्ला, हिअर!” जागा कधी चुकली नाही.

मोलकरणीच्या त्या वर्षी नवी नायिका ऐन प्रयोगात अंधारातच उभी राहून बोलत सुटली. ही ट्रे घेऊन आली, कोपराने तिला हळूच उजेडात सारलं आणि स्वतः अंधारात कप मांडत राहिली. लोक बिर्याणी चापत होते. कुणाला काय पत्ता! दुसऱ्या दिवशी तिने त्या पोरीला डोळे मिटून धग शोधायला शिकवलं.

पुढच्या हिवाळ्यात कंपनी आली, ती आली नाही. तालमीला तीच नायिका डोळे मिटून सरकत होती.

मी विचारलं, “मॅडम, तुम्हाला हे शिकवणाऱ्या बाई यंदा नाही आल्या?”

“कोण?” तिने डोळे न उघडताच विचारलं.